एकोणीस काड्या

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. अंगणात येरझारा घालत होते, ते थांबले आणि म्हणाले, "वय किती तुमचं?"

मी जरा बिचकले. "एकोणतीस."

"एकोणतीस." त्यांनी तो आकडा तोंडात घोळवला. "म्हणजे अजून वर्षभर तरी कोणी वाटून नाई घेत तुमाले. राहा."

त्यांची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "घाबरू नोका मॅडम. सगळ्याइले असंच विचारते ते. मागं एक अठ्ठावीस वर्षांचा कंपाउंडर आला होता, तं त्याले म्हणे पुढच्या वर्षी या."

आलापल्लीच्या शाळेत गणित-विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते, त्यामुळे एवढं कोडं मला सुटलं. एकोणतीस ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच तिला पूर्ण भाग जात नाही. अठ्ठावीसचे सात चोक करा, चौदा दुणे करा, काहीही करा. माझी खोली माझ्या वयानं मिळवली होती.

गावात सगळे त्यांना काडीवाले भाऊ म्हणत. मी नुसतं भाऊ म्हणे, आणि त्यांच्या बायकोला बाई. भाऊ उंच, काटकुळे, साठी उलटलेले. अंगात बनियन, खाली वनखात्यातली जुनी खाकी पँट, कानावर पेन्सिल. लाकडाच्या डेपोत त्यांनी सारी नोकरी मोजणीदार म्हणून काढली होती. तिथे ओंडक्यांवर आकडे घालायचे आणि वहीत उतरवायचे, तेही उभ्यानं, कारण डेपोत बसायला जागाच नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या ओसरीत छातीच्या उंचीवर सागाची एक फळी ठोकून घेतली आणि त्या फळीवर वही ठेवून उभ्यानंच लिहीत राहिले. जेवणसुद्धा कधी कधी त्या फळीवरच व्हायचं. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसलो की आकडे झोपते."

एक भागाकार झाला की ते अंगणातल्या मोहाच्या झाडाला एक फेरी मारत. पुन्हा फळीपाशी, पुन्हा भागाकार, पुन्हा फेरी. झाडाभोवती गुळगुळीत पायवाट पडली होती. पावसाळ्यात सगळ्या अंगणात गवत माजलं तरी तेवढं कडं उघडं राहायचं.

बाजारात केळी घेताना ते डझन मागत नसत, तेरा मागत. शेजारच्या घरी मुलीचं लग्न चोवीस तारखेला ठरलं, तर हे पत्रिका हातात घेऊन म्हणाले, "चोवीसले आठ जण भागते. कशाले संसाराची सुरुवात वाटणीनं करता? तेवीसले करा." शेजारी वर्षभर बोलले नाहीत. पण हेच भाऊ, पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला आणि तिकडे जाणारी माणसं आलापल्लीच्या स्टँडवर अडकली, की सगळ्यांच्या आधी तिथे पोचत. एकदा त्रेचाळीस जण अडकले होते. आमच्या शाळेत त्यांच्या जेवणाची सोय केली, तेव्हा पंगती लावता लावता भाऊ अस्वस्थ झाले. "त्रेचाळीस वाटल्या जात नाई," म्हणाले, आणि स्वतःच पंगतीत उभे राहिले. चव्वेचाळीस झाले. चार-चारांच्या अकरा ओळी लागल्या. त्या दिवशी पाणी ओसरेपर्यंत ते घरी आले नाहीत. आपण निघून गेलो तर पंगत मोडेल असं त्यांना वाटत होतं.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं, अर्थात फेऱ्या मारता मारता.

"डेपोत एकदा एकशे तेरा ओंडके आले. नवीन साहेब होता. म्हणे, सारख्या थप्प्या लावा. आमी सात-सातच्या लावल्या तं एक उरला. आठ-आठच्या लावल्या तं बी एकच उरला. नऊच्या लावल्या तं पाच उरले. साहेब चिडला. म्हणे, तुमाले मोजता येत नाई काय? मंग तो स्वतः उन्हात उभा राह्यला दोन घंटे. मजूर उचलून राह्यले, ठेवून राह्यले. शेवटी मीच म्हणलो, साहेब, चूक मजुराइची नाई. आकड्याची आहे."

"मग?"

"मंग काय? एक ओंडका बाजूले काढला, एकशे बाराच्या थप्प्या लावल्या. साहेब घरी गेला. मी त्या एका ओंडक्यापाशी उभा राह्यलो. मले वाटलं, हे तं लय मोठी गोष्ट आहे. इतका मोठा साहेब, इतके मजूर, अन् एक आकडा कोणाचं ऐकत नाई."

भाऊंचं शिक्षण दहावीपर्यंत. मोजणी करताना दर ओंडक्यामागे वहीत एक उभी काडी मारायची त्यांची सवय. एक दिवस त्यांना दिसलं की इंग्रजी आकड्यांत काडी म्हणजेच एक, आणि काड्यांची ओळ म्हणजेच एक आकडा. दोन काड्या म्हणजे अकरा. ती तुटत नाही. तीन काड्या म्हणजे एकशे अकरा. ती तीन आणि सदतीस अशी तुटते. चार काड्या अकरानं तुटतात. मग पुढे? काड्यांची दुसरी कुठली ओळ अकरासारखी अभंग निघते का? या एका प्रश्नानं त्यांना धरलं ते धरलंच.

पाच काड्या एकेचाळीसनं तुटल्या. सात दोनशे एकोणचाळीसनं. अकरा काड्यांनी अख्खा पावसाळा खाल्ला आणि शेवटी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं त्या मोडल्या. तेरा काड्या मात्र त्रेपन्ननं एका दुपारीच मोडल्या, त्याचं त्यांना वाईट वाटलं होतं. ओळीत काड्या सम असतील किंवा तिनाच्या पाढ्यातल्या असतील तर ती लहान ओळींनीच तुटते, हे त्यांनी आपलं आपण शोधलं होतं. अशा सोळापर्यंतच्या सगळ्या ओळी मोडून ते सतरा काड्यांवर आले होते. मी राहायला गेले तेव्हा त्या सतरा काड्यांना सहा वर्षं झाली होती. रोज वीस-पंचवीस भागाकार. दोन, तीन, पाच, सात असं करत ते सहा लाखांच्या जवळ पोचले होते आणि अजून कुणाचाच भाग गेला नव्हता.

खोली देतानाच त्यांनी अट घातली होती. "सतराचं उत्तर तुमच्या मोबाइलमंधी असन. पाहाचं नाई. पाह्यलं तं मले सांगाचं नाई."

मी वचन दिलं. पण मी गणिताची बाई, मला गप्प बसवेना. एका रविवारी त्यांच्या फळीपाशी जाऊन मी म्हटलं, "भाऊ, उत्तर नाही सांगत, पण एक नियम सांगू का? सगळ्यांनी भाग द्यायची गरज नाही. सतरा काड्यांना ज्या मूळ संख्येचा भाग जाईल, तिच्यातून एक वजा केला की उरलेल्याला चौतीसनं भाग गेलाच पाहिजे. बाकीच्या सगळ्या सोडून द्या."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. लगेच पाच काड्यांवर करून पाहिलं. एकेचाळीसमधून एक गेला चाळीस; पाचाच्या दुपटीनं, दहानं, भाग जातो. पाच काड्यांचाच दुसरा तुकडा दोनशे एकाहत्तर, त्यातून एक गेला दोनशे सत्तर; जातो. सात काड्या, दोनशे एकोणचाळीस, जातो. मग माझ्याकडे वळले.

"तीन काड्या. सदतीस बसला. पण तीन? तिनातून एक गेला, राह्यले दोन. दोनाले सहानं भाग जाते काय?"

मी चाट पडले. नियमातला एकुलता एक अपवाद या माणसानं दोन मिनिटांत पकडला होता. काड्यांची ओळ म्हणजे नवांची ओळ भागिले नऊ, आणि तीनचा भाग नवाला जातो म्हणून तेवढा तीनच वेगळा, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नुसत्या फेऱ्या. पाचव्या दिवशी मी शाळेत निघाले तेव्हा फाटकात आडवे आले.

"सहा वर्षं मी दर दारावर थाप मारली. अन् तुमच्या नियमानं मोजलं तं सोळातल्या एकाच घरी माणूस राहू शकते."

"चुकलं माझं भाऊ. आधी सांगायला हवं होतं."

"चुकलं काय त्यात? बाकीच्या घरी कोणी नाई, हे तुमी नियमानं सांगून राह्यल्या. मी जाऊन पाह्यलं आहे."

आणि बाजूला झाले. त्या दिवसापासून चौतीसच्या हिशेबानं घोडदौड सुरू झाली. पुढची दोन वर्षं मी त्यांना सहा लाखांवरून वीस लाखांकडे जाताना पाहिलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते जागा लिहीत, डेपोतली सवय. सगळ्या पानांवर एकच शब्द असायचा: घर.

मग बाईंना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी त्या असंबद्ध बोलायला लागल्या. मलेरिया मेंदूत गेला होता. गाडी करून आम्ही त्यांना गडचिरोलीला नेलं. तीन दिवस त्या बेशुद्ध होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात पोचले, तर भाऊ व्हरांड्यात खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून भागाकार करत होते. बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक त्यांच्याकडे बघत होते. माझं डोकं फिरलं.

"भाऊ, बाई आत अशा पडल्यात आणि तुम्ही हे काय करताय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. पेन्सिल चालूच होती. "मंग काय करू? डॉक्टर म्हणते वाट पाहा. सांगा तुमी. काय करू मी?"

डबा कट्ट्यावर ठेवून मी आत गेले.

बाई वाचल्या. पण घरी आल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलंच. एका दुपारी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून त्या म्हणाल्या, "तीन दिवस मी मरून राह्यली होती मॅडम, अन् हा माणूस भागाकार करून राह्यला होता." त्यांचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही. पहाटे बुद्धवंदना, मग घरकाम, मग भाऊंच्या फळीवर ताट. ताट ठेवायचं आणि वळायचं. नवरा-बायकोतलं बोलणं बंद झालं. चाळीस वर्षांच्या संसारात आकड्यांशी त्यांनी कधी भांडण केलं नव्हतं. आता मात्र त्या वह्यांकडे बघतसुद्धा नव्हत्या.

भाऊंची तगमग त्यानंतर वाढली. बावीस लाख झाले, तेवीस लाख झाले. दिवसाला पंचवीसचे चाळीस भागाकार झाले. फेऱ्यांचा वेग असा की मोहाची फुलं वेचायला आलेल्या बायका त्यांना वाट देत बाजूला उभ्या राहायच्या. पँट दोरीनं बांधायची वेळ आली. एक दिवस मला म्हणाले, "कुठवर जावं लागन ते काढलं मी. कोणाचाच भाग नाई गेला तं दहा कोटीच्या वर जाऊन थांबाचं." दहा कोटी! त्यांचं वय आणि तो आकडा मी मनात शेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी वचन मोडलं. मोबाइलवर सतरा वेळा एक दाबला. उत्तर यायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. सतरा काड्या तुटतात. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं.

आधी आनंद झाला, आणि मग ध्यानात आलं. भाऊ तेवीस लाखांवर होते.

संध्याकाळी ते डेपोकडे फिरायला गेल्यावर मी वह्या काढल्या. पान सापडलं. तोच भाजक, वीस-एकवीस ओळींचा नेटका भागाकार, आणि खाली लिहिलेलं: बाकी १००००. मी एकेक ओळ पडताळत गेले. आठव्या वजाबाकीत हातचा चुकला होता. आठशेच्या जागी नऊशे पडले होते. शंभराची चूक पुढच्या दोन पायऱ्यांत दहा हजार झाली होती. ती नसती तर खाली शून्य आलं असतं. आठ वर्षं ज्या दारासाठी हा माणूस चालत होता, त्या दारावर थाप मारून तो पुढे निघून गेला होता, आणि आता पुढे दहा कोटींपर्यंत एकही दार नव्हतं.

पानाच्या कोपऱ्यात घर नव्हतं लिहिलेलं. दवाखाना लिहिलं होतं.

तीन आठवडे मी हे पोटात ठेवलं. वर्गात भागाकार शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. घरी आले की खिडकीतून फेऱ्या दिसायच्या. सांगावं तर त्यांची अट, न सांगावं तर हे पाप. शेवटी एकदा ओसरीत गेले आणि नुसतं म्हटलं, "भाऊ, मागचे भागाकार कधी तपासले का हो?"

पेन्सिल थांबली. ते माझ्याकडे वळले.

"पाह्यलं तुमी."

"पाहिलं."

"अन् ते मागं गेलं."

मी मान खाली घातली.

"कुठी गेलं ते सांगू नोका," ते घाईघाईनं म्हणाले. "खबरदार. माझं मी पाहातो."

आणि त्यांनी पहिली वही काढली. आठ वर्षांपूर्वीची. पहिल्या पानापासून तपासायला सुरुवात केली. म्हणजे पुन्हा आठ वर्षं! त्या संध्याकाळी मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. कुठलं पान, कुठली ओळ, सगळं. अट भाऊंना न सांगण्याची होती. बाईंना सांगू नका असं कुणी म्हटलं नव्हतं.

बाई चौथी शिकलेल्या, पण तिसापर्यंतचे पाढे मुखोद्गत. पदराला हात पुसून त्या म्हणाल्या, "द्या ते वही." दुसऱ्या दिवशी दुपारभर माझ्या खोलीत जमिनीवर बसून त्यांनी तो भागाकार स्वतः केला. शेवटच्या ओळीत सातानं गुणून त्यांनी वजाबाकी केली. सगळी शून्यं आली. मग त्यांनी भाऊंचं पान जवळ ओढलं आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या त्या शब्दावर गेली.

मग उठल्या, ओसरीत गेल्या आणि वही फळीवर ठेवली.

"हे पाहा. तुमची वजाबाकी चुकली."

इतक्या महिन्यांनी बायको बोलली म्हणून भाऊ दचकले की चूक निघाली म्हणून, कोण जाणे. त्यांनी पान पाहिलं. बोटानं एकेक ओळ उतरत गेले. आठव्या वजाबाकीपाशी बोट थांबलं.

"हे कोणत्या दिवशीचं आहे?"

"वाचता येत नाई काय? दवाखाना लिहून आहे."

"तू शुद्धीवर नव्हती तवाचं."

"हो."

त्यांनी कोरं पान काढून भागाकार पुन्हा केला. आकडे नेहमीसारखेच रेखीव. खाली शून्य आलं. पेन्सिल फळीवर आडवी ठेवून ते म्हणाले, "चुकलो मी."

"बरं झालं चुकले," बाई म्हणाल्या. आणि हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस हातपंपावर त्यांचा एकच विषय. "इतक्या वर्षांत एकच भागाकार चुकला त्याइचा. मी बेशुद्ध होती तो." बाकीचे हजारो भागाकार कुणी तपासले होते? पण बाईंना तपासायचे नव्हते, आणि मीही काही बोलले नाही.

मला वाटलं, आता भाऊ शांत होतील. झालं उलटंच. सतरा काड्या मोडल्या आणि त्यांना हातात काय धरावं कळेना. अठरा काड्या जुन्या ओळींच्या आधारानं दोन दिवसांत मोडून टाकल्या. मग समोर एकोणीस. तिसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दाराशी आले.

"मॅडम, मोबाइल काढा. एकोणीसचं पाहून टाका. आता माझ्यापाशी वेळ नाई."

मी पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. "भाऊ, एकोणीस काड्या तुटत नाहीत. मूळ संख्या आहे."

ते फेरी मारायला वळले आणि अर्ध्यातून परत आले. "कोण म्हणते?"

"शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी सिद्ध केलंय. कागदावर."

"सगळ्याइनं भाग देऊन?"

"नाही. तसं करायचं तर तुमच्या वेगानं हजाराच्या वर वर्षं लागतील. दुसरी वाट आहे."

"भाग न देता तुटत नाई हे कसं कळन? दार न ठोकता घरात कोणी नाई हे कसं सांगते?" त्यांचा आवाज चढला होता. "ते वाट मले दाखवा."

ती वाट मलाही नीट माहीत नव्हती. पंधरा दिवस मी रोज शाळा सुटल्यावर त्याच्यामागे लागले. कॉलेजची जुनी पुस्तकं माहेराहून मागवली. समजलं तेव्हा मी पळतच ओसरीत गेले.

"भाऊ, एकोणीस काड्यांतून एक वजा केला तर काय राहतं?"

"अठरा काड्या, अन् शेवटी शून्य."

"त्या अठरा काड्यांचे तुकडे माहीत असतील, तर त्यांच्या आधारानं एकोणीस काड्या अभंग आहेत हे सिद्ध करता येतं. आहेत ना तुमच्याकडे?"

ते आत गेले आणि वही घेऊन आले. तीन, तीन, सात, अकरा, तेरा, एकोणीस, सदतीस, बावन्न हजार पाचशे एकोणऐंशी, तीन लाख तेहेतीस हजार सहाशे सदुसष्ट. त्या आकड्यांवर हात ठेवून म्हणाले, "हे कामाचे आहे?"

"यांच्याशिवाय होतच नाही. शेवटचे दोन तर सगळ्यात जास्त."

भाऊंनी तोंड फिरवलं आणि झाडाला तीन फेऱ्या मारल्या.

मग मी त्यांना कृती सांगितली. एक लहानशी संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याचा पुन्हा वर्ग, असं चढत जायचं. किती चढायचं आणि मध्ये कुठे गुणायचं ते अठरा काड्यांचे तुकडे ठरवतात. दर पायरीला एकोणीस काड्यांनी भागून फक्त बाकी ठेवायची. अगदी शेवटी बाकी एक उरली, आणि आधीच्या दोन ठिकाणच्या बाक्या कसोटीला उतरल्या, तर ही संख्या मूळ. शंभराच्या आसपास गुणाकार, पण प्रत्येक एकोणीस अंकी गुणिले एकोणीस अंकी.

"अन् बाकी काढाले भागाकार नाही करावा लागत," मी म्हटलं. आता माझंही बोलणं त्यांच्यासारखंच होत चाललं होतं. "तीन काड्यांवर बघा. एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न घ्या. तीन-तीन अंकांवर कापा. एकशे तेवीस आणि चारशे छप्पन्न. बेरीज करा."

"पाचशे एकोणऐंशी."

"त्यातून एकशे अकरा जितक्या वेळा जातात तितक्या वेळा काढा."

"पाच वेळा. उरले चोवीस."

"तीच बाकी. आता आधीच्या पूर्ण आकड्याला एकशे अकरानं भागून पाहा."

त्यांनी पाहिलं. चोवीसच. "नुसतं कापाचं अन् जोडाचं," ते स्वतःशीच म्हणाले. "काडीचा गुण आहे हा. कापलं की जुळते."

त्याच सुमारास माझी चामोर्शीला बदली झाली. निघायच्या आधी मी त्यांना सगळ्या पायऱ्या क्रमानं लिहून दिल्या. दोन प्रती मागितल्या त्यांनी. एक स्वतःसाठी, एक बाईंसाठी. आपल्या वजाबाकीवर त्यांचा आता भरवसा राहिला नव्हता. ठरलं असं की दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांचं बघायचं नाही, आणि दिवसाअखेर उत्तर जुळलं तरच पुढची पायरी. बाई बसून करत, भाऊ उभ्यानं.

मधून मधून फोन यायचा. एकविसाव्या पायरीवर चार दिवस जुळलं नाही, घरात मोठं भांडण झालं, शेवटी चूक भाऊंची निघाली. चाळिसाव्याला बाईंची निघाली, तर त्यांनी भाऊंना दोन दिवस चहा दिला नाही. धानाची कापणी आली तेव्हा बाई पंधरा दिवस बहिणीच्या शेतावर गेल्या. भाऊ थांबून राहिले. एकट्यानं पुढे जायचं नाही म्हणजे नाही. तेवढे पंधरा दिवस मला रोज फोन. "मॅडम, करमत नाई. दुसरं काई तरी सांगा कराले."

परवा दुपारी मी नववीच्या वह्या तपासत होते. बाईंचा फोन आला.

"मॅडम, एक आला."

मला क्षणभर कळलंच नाही. "कोण आला?"

"बाकी एक आला! त्याइचा बी एक, माझा बी एक. आधीचे दोन्ही कसोटीवाले बी जुळले. आत्ताच मिळवून पाह्यलं."

माझ्या हातून लाल पेन खाली घरंगळला. आठ महिने लागले होते. "भाऊंना द्या ना फोन."

"द्याले गेली तं घेतला नाई. पाय घालून राह्यले चपलेत." मग फोनपासून तोंड दूर नेऊन त्यांनी विचारलं, "अजी, चालले कुठी? मॅडम आहे फोनवर!"

पलीकडून भाऊंचा श्वास लागलेला आवाज आला. "सांग त्याइले, येतो मी. आधी शेजारी सांगून येतो. मंग डेपोत."

फाटक वाजलं. बाई फोन कानाला न लावता तसाच हातात धरून उभ्या असाव्यात, कारण मला सगळं ऐकू येत होतं. रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं, कुणीतरी "काय झालं भाऊ?" म्हणून विचारलं. आणि दूर जाणारा तो आवाज, घराघराशी थांबत, पुन्हा पुढे निघत:

"नाई तुटत! अजी, बाहेर या! एकोणीस काड्या नाई तुटत!"